3 बाद 226

31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार

रात्री झोप अशी लागलीच नाही. डोळे मिटले की आपली फलंदाज जेमिमा रॉड्रिग्ज दिसायची. मातीने माखलेला ड्रेस, आणि रडू थांबतच नाही.

काल 339 धावांचा पाठलाग, तोही विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत, ऑस्ट्रेलियासमोर. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढं मोठं लक्ष्य याआधी कुणीच गाठलं नव्हतं. त्यांच्या लिचफिल्डने 119 केल्या तेव्हा बाबा टीव्हीसमोरून उठून अंगणात गेले होते. स्मृती बाद झाली तेव्हा आपण 2 बाद 59. मग कर्णधार हरमन आणि जेमिमाने 167 जोडल्या. हरमन 89 वर गेली, फलकावर 3 बाद 226, आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण मला 3 बाद 191 आठवतं. जुलै 2017, लॉर्ड्स, अंतिम सामना, हव्या होत्या 229. पूनम राऊत छान खेळत होती आणि मी ताईला फोन करून 'जिंकलो गं' म्हणून मोकळी झाले होते. पुढच्या 28 धावांत सात गडी गेले. नऊ धावांनी हरलो. त्या दिवसापासून शेवटची धाव निघेपर्यंत मी 'जिंकलो' हा शब्द तोंडातून काढत नाही. या वेळीही इंदूरला इंग्लंडविरुद्ध सामना हातात होता आणि चार धावांनी गेला. त्या सामन्यात जेमिमा संघातच नव्हती, आणि काल तीच शेवटपर्यंत उभी राहिली, नाबाद 127. तिने पन्नाशीला बॅट उंचावली नाही, शतकालाही नाही. काम अजून बाकी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. 82 वर तिचा झेल सुटला, तेही नशीब आपल्या बाजूचं, ते नाकारायचं कशाला? पण दीप्ती आली, रिचा आली, अमनजोत आली, प्रत्येकीने आपला वाटा उचलला. 2017 ला नेमकं हेच झालं नव्हतं. म्हणून मला यावेळी आशा वाटते.

तरी भीती आहेच. रविवारी अंतिम सामन्यात समोर दक्षिण आफ्रिका. त्यांच्या वोल्वार्टने परवा इंग्लंडला 169 धावा ठोकल्या. साखळीत विशाखापट्टणमला आपण त्यांना 5 बाद 81 वर आणलं होतं, तरी डी क्लर्कने सामना ओढून नेला. गोलंदाजी कालही महागच पडली. सलामीची प्रतिका जायबंदी, तिच्या जागी शफाली ऐनवेळी आलेली.

लेक सकाळपासून 'आई, कप आपलाच ना?' विचारतेय. मी तिच्या केसांना तेल लावत राहिले.

सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "रविवारी सामना तीनलाच ना? मग जेवणं बारालाच उरकू."

मी हो म्हटलं.