सफ्फारीन चौकातले ठोके

फेस, मोरोक्को, बुधवार रात्र

पाय पार गेलेत पण झोप येत नाहीये, कानात अजून ठोके चालूच आहेत, म्हणून लिहून काढते.

सकाळी बाब बू जलूदमधून आत शिरले, ही कमान बाहेरून निळी आणि आतून हिरवी, १९१३ची म्हणजे इथल्या हिशोबाने अगदी कालची, कारण शहराची सुरुवातच ७८९ सालची आहे. आत गाडी येतच नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की सिलेंडर लादलेलं गाढव आलं की भिंतीला चिकटायचं. मागून कोणीतरी "बालाक! बालाक!" ओरडतं, मला आधी ते चक्क "बालक" असंच ऐकू आलं, मग कळलं की "बाजूला व्हा" म्हणतायत.

शवाराला गेले, चामडं कमावायची जागा. वर चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवरून बघायचं, जाताना हातात पुदिन्याची काडी देतात नाकाला लावायला. खाली दगडी हौदच हौद, पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्यातल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं, मग पलीकडे रंगाचे हौद, आणि त्यात माणसं मांड्यांपर्यंत उतरून पायाने कातडी तुडवतायत. सगळे फोटो काढत होते, मीही दोन काढले आणि मग फोन पर्समध्ये टाकला, बरं वाटेना. आपल्याकडे हे काम करणाऱ्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, आणि इथे हे हौद जुन्या शहराच्या पोटात, करवीयीन मशिदीपासून चालत काही मिनिटांवर. करवीयीन म्हणजे ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने बांधली असं सगळे सांगतात, पुढे तिथे मोठं विद्यापीठ झालं. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, दारातूनच अंगण बघितलं.

झलीज करणाऱ्यांकडे मात्र दीड तास बसले. आपण त्याला मोझॅक म्हणून मोकळे होतो पण हे वेगळंच आहे. आधी रंगीत चकाकीची मातीची फरशी भाजतात, मग त्यावर आकार आखून जड हातोडीने एकेक तुकडा तासून काढतात, चांदणी, बदाम, पट्टी असे किती आकार असतील देव जाणे. आणि लावताना तुकडे पालथे ठेवतात! रंगाची बाजू खाली, कारागिराला दिसते ती फक्त मातीची पाठ, नक्षी सगळी डोक्यात, वरून मसाला ओतून वाळला की उलटायचं आणि तेव्हा पहिल्यांदा रंग दिसणार. मी रांगोळीवाली बाई, दिवाळीत अंगणभर काढते, पण न बघता उलटीकडून रांगोळी काढायची ही कल्पनाच मला झेपेना. उस्तादाला इथे मआल्लेम म्हणतात. त्यांच्या शेजारी एक मुलगा नुसते एकाच आकाराचे बारके तुकडे तासत होता, सकाळपासून तेच. मी मआल्लेमना खुणेने विचारलं, किती वर्षं करताय, त्यांनी हात जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच धरून दाखवला, म्हणजे एवढा होतो तेव्हापासून.

बू इनानिया मदरसा पण बघितला, १३५०च्या सुमारास सुलतान अबू इनानने बांधायला घेतलेला, खाली झलीज, त्यावर चुन्याचं कोरीवकाम, वर देवदाराचं लाकूड. पण मला तिथे दुसरंच आठवत राहिलं. याच सुलतानाच्या सांगण्यावरून चौदाव्या शतकातला इथला प्रवासी इब्न बतूताने आपला सगळा प्रवास तोंडी सांगितला आणि तो इथे लिहून घेतला गेला, १३५५ साली पुरा झाला. त्यात आपलं दौलताबाद आहे, आणि नंदुरबारसुद्धा आहे! नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल तो म्हणतो की हे लोक कारागिरीत फार हुशार. म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वी, कारागिरांनी भरलेल्या या देशात बसून कोणीतरी आपल्या कारागिरांचं नाव काढलं होतं. मी अंगणातल्या हौदापाशी बराच वेळ उभी होते, डोळे भरून आले खरंच.

आणि मग संध्याकाळी सफ्फारीन चौक. करवीयीनच्या ग्रंथालयाचं दार या चौकात उघडतं, आणि त्याच्यासमोर सगळे तांबट. मधे एक झाड, त्याच्या भोवती परातीएवढी ताटं, लग्नाच्या स्वयंपाकाचे हंडे, किटल्या, आणि टण् टण् टण् टण्. मी गल्लीच्या तोंडाशी होते तेव्हाच ओळखला आवाज. बाबांचं लहानपण कसबा पेठेत गेलं, तांबट आळीला लागूनच, सुट्टीत आजीकडे गेलं की सकाळी जाग यायची ती याच आवाजाने. घंगाळ, बंब, त्यावरचे मठारकामाचे, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे, ते एकसारखे चंद्र. इथल्या हंड्यावर हात फिरवला तर बोटांना तेच लागलं.

पुदिन्याचा चहा घेतला आणि दोन मिनिटं रेकॉर्डिंग करून बाबांना पाठवलं, काहीच न लिहिता.

रात्री त्यांचा मेसेज आला. "दोघे जण मारतायत ना गं? एकाचा हातोडा हलका आहे. उद्या परत जाऊन बघ, मोगरी लाकडाची आहे का."

उद्या सकाळी मातीच्या निळ्या भांड्यांकडे जायचं ठरलं होतं, ते दुपारवर ढकललंय.