सव्विसावा शब्द

मध्यंतरी एका दुपारी बर्लिनशी व्हिडिओ कॉल होता. मी सध्या जी जर्मन कादंबरी मराठीत आणतेय तिच्या लेखिकाबाई मूळच्या नटी. साठीपर्यंत दुसऱ्यांची वाक्यं बोलल्या आणि मग स्वतःच्या आजीवर लिहायला बसल्या. बाकीच्या शंका दहा मिनिटांत मिटल्या. अडलं ते रेडक्रॉसच्या एका निरोपावर.

युद्धात शत्रुदेशात थेट पत्र जात नसे. जिनिव्हामार्गे छापील फॉर्म जायचा. फक्त घरगुती मजकूर, जास्तीत जास्त २५ शब्द, उत्तर पाठीमागे. आजी बर्लिनमध्ये, मुलगा पुरंदरच्या कॅम्पात. हिटलरपासून पळून मुंबईला आलेला ज्यू, पण पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी तोही शत्रूच! निरोप नोव्हेंबर १९४१चा. ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या बर्लिनहून ऑक्टोबरातच सुटायला लागल्या होत्या. आजीने लिहिलंय, 'वीर फेररायझन'. मी केलं, 'आम्ही गावाला जातोय'. 'गावाला'वर मी अजूनही खूश आहे.

पण शब्द भरले २६. एरवी मराठी काटकसरी, 'ला', 'हून', 'च्या' शब्दाला चिकटून फुकटात जातात. म्हटलं, 'आम्ही' काढू. एकटी असती तर 'जातेय' म्हणाली असती; 'जातोय'वरून कळतंच.

बाईंनी फॉर्मच कॅमेऱ्यासमोर धरला. कादंबरीत बरंच रचलेलं आहे, हा कागद तेवढा खरा. उत्तराची बाजू कोरी.

"तो शब्द नका काढू," त्या म्हणाल्या. "आजोबा आधीच वारले होते. ती एकटी राहायची. हे 'आम्ही' कोण, ते मला अजून कळलेलं नाही."

मग ते दोन शब्द त्यांनी तीन तऱ्हांनी म्हणून दाखवले. तिसऱ्या वेळी 'वीर'नंतर, म्हणजे 'आम्ही'नंतर, जरा थांबून शेजारी पाहिलं. शेजारी नुसती भिंत होती, पण मीही तिकडे पाहिलं.

'आम्ही' ठेवला. 'खूप खूप पापे'मधला एक 'खूप' उडवला. तो आजीचा होता, माझा नव्हे, हे तेव्हापासून टोचतंय.

परवा प्रुफं आली. मुद्रितशोधकांनी 'जातोय'चं 'जात आहोत' केलंय. प्रमाणभाषा! पुन्हा २६. संपादकांना फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, वाचक काय शब्द मोजत बसणारेत?"

तेव्हा मोजणारे होते. समासात लाल शाईने '२५' लिहून प्रुफं परत पाठवलीयत.