डिक्कीतली बुरशी

मागच्या मे महिन्यात मी एक किलो ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळांना रोगापासून राखणाऱ्या जिवंत बुरशीची पावडर, मारला. काही फवारून नाही, स्कूटरच्या डिक्कीत ठेवून. सीताबर्डीहून पाकीट घेतलं, वाटेत बहिणीकडे डोकावले, तिने जेवायलाच बसवलं आणि स्कूटर दुपारभर उन्हात. नागपूरचं मे मधलं ऊन! संध्याकाळी पाकीट हाताला चटका देत होतं. पण पावडर दिसायला जशीच्या तशी, म्हणून तीच शेणखतात कालवली.

कळमेश्वरकडे आमची संत्र्याची बाग आहे, एकशे चाळीस झाडं. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. पाणी साचलं की फायटोफ्थोराचं, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जीवाचं, फावतं. त्याचे बीजाणू चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, बुंध्याची साल तडकून डिंक गळतो. म्हणून नाव डिंक्या. मामाजी पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायचे, मीही लावते. पण मातीखाली काय चाललंय, ते पेस्टला कुठे दिसतं?

तिथे ट्रायकोडर्मा कामाला येतो. मुळांभोवती आधीच ठाण मांडतो, शत्रूच्या तंतूंना वेटोळे घालतो, त्यांच्या भिंती विरघळवून खातो. रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकाने 1932 मध्ये हा परजीवीपणा नोंदवला आणि पुढे लिंबूवर्गीय रोपांवरच प्रयोग केले. हे वाचून मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमच्या सालदार भाऊंना मात्र पटेना. "काऊन ताई, झाडाले बुरशी लागू नाही म्हणून बुरशीच टाकता?"

पावसाळ्यात त्या खताचा काही गुण दिसेना, तेव्हा डिक्की आठवली. उरलेली चिमूटभर पावडर वाटीतल्या अर्धकच्च्या भातावर टाकून फडक्याने झाकली. पाच दिवसांनी नुसता आंबूस वास. नव्या पाकिटातली टाकली तर तिसऱ्या दिवशी पांढरी लव, पाचव्या दिवशी गर्द हिरवी भुकटी आणि नाकाजवळ नेली तर ओल्या खोबऱ्यासारखा वास! यजमानांनी झाकण उघडलं आणि दोन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. हिरवं दिसलं की ट्रायकोडर्माच, असं नाही हं, भातावर दुसऱ्याही हिरव्या बुरशा येतात. पण जुनं पाकीट मेलेलं होतं एवढं मला पुरलं.

यंदा शंभर किलो कुजलेल्या शेणखताला एक किलो, ओलसर करून आंब्याच्या सावलीत ढीग, वर भिजलेलं पोतं, आठ-दहा दिवस. मग पाऊस लागल्यावर आळ्यात. आळंही आता दुहेरी, म्हणजे पाणी बुंध्याला शिवत नाही. बोर्डो आणि हे खत एकत्र नाही, बोर्डोतलं तांबं बुरशी ओळखून मारत नाही, आपलीही मारतं.

नाल्याकाठच्या तीन झाडांचा डिंक अजून वाहतोच आहे. तिथे उशीर झाला होता. मुळं गेल्यावर हे खत काय करणार? भाऊ म्हणतात काढून टाका, माझा हात होत नाही.

परवा पुन्हा पाकीट आणायला गेले. बहिणीने परत जेवायला थांबवलं. थांबले, पण आधी पाकीट तिच्या माठाशेजारी ठेवलं.