शिंका, सेटिरिझिन आणि आमचे बाबा
परवा बाबांनी सकाळी शिंकांसाठी सेटिरिझिन घेतली, दुपारी फरक वाटेना म्हणून अजून एक, वर मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी, मग काय, संध्याकाळी चहाचा कप हातात धरून बसल्या बसल्या पेंगायला लागले. अहो, मोठ्या माणसाला सेटिरिझिन दिवसाला 10 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीची एकच गोळी, किडनीचा त्रास असेल तर त्याहून कमी. आणि सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असतं, तेही अ‍ॅलर्जीचंच औषध! (पॅरासिटामॉल असतं ते वेगळंच.) क्लोरफेनिरामिनसारखी अ‍ॅलर्जीची जुनी औषधं फार जास्त झाली की नुसती झोप नाही, छाती धडधडते, माणूस बरळतो, फिट्सही येऊ शकतात. बाबा म्हणे, "अगं, साधी शिंकांची गोळी ती!" स्ट्रिप आता माझ्या कपाटात.