चार गोळ्या की पाच?

नेमबाजीची मॅच. टायमर वाजला. देखाव्यातल्या डाव्या खिडकीतून पाच गोळ्या झाडल्या आणि उजव्या खिडकीकडे निघालो. दुसरं पाऊल पडतंय तोच मागून वेळ मोजणाऱ्या टायमरवाल्या बाई ओरडल्या, "थांब! नळी समोर! बोट चापावरून काढ!" मी जागीच गोठलो. हातातल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढलेला होता. तो मी कधी ओढला, ते आजही आठवत नाही.

बाईंनी शेजारी उभं राहून माझ्याकडून तो हळूच उतरवून घेतला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "स्टेज डीक्यू." डीक्यू म्हणजे डिस्क्वालिफाय: मॅचमधल्या त्या एका फेरीपुरता, त्या स्टेजपुरता, मी बाद.

माझी ही तिसरीच मॅच होती. टेक्सासात, ह्यूस्टनपासून दीडेक तासावरच्या एका क्लबात. काउबॉय ॲक्शन शूटिंग हे नाव ऐकून इकडच्या मराठी मित्रांना वाटतं, हा जत्रेतला फुगे फोडायचा प्रकार असावा. वरून दिसतोही तसाच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात हा खेळ सुरू झाला आणि १९८७ मध्ये त्याची सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, सगळे म्हणतात ती 'सास', उभी राहिली. हत्यारं एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांची: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर रायफल, एक शॉटगन. समोर लोखंडी पाट्या, लागली की ठण्ण. अंगावर त्या काळचा वेष आणि प्रत्येकाला टोपणनाव, जे दुसऱ्या कुठल्या सभासदाने घेतलेलं नसावं. मी 'सांगली किड'. इथल्या तोंडात त्याचं 'सँग्ली' होतं, चालायचंच. एच-१बीवर होतो तोवर बंदुकीच्या वाटेला गेलोच नाही, ग्रीन कार्ड हातात आल्यावर मगच. त्याआधीची पुंजी म्हणजे एनसीसीच्या कॅम्पात .२२ रायफलने झाडलेल्या मोजून पाच गोळ्या.

इथे गुण नसतात, सेकंद असतात. जितका कमी वेळ तितकं चांगलं, आणि प्रत्येक चुकीला सेकंद वाढतात. नेम चुकला की ५. पाट्यांचा क्रम चुकला की १०. किरकोळ सुरक्षाचूकही १०. त्याच्या वर स्टेज डीक्यू. असे दोन झाले की मॅच डीक्यू, मग सामान गाडीत भरायचं.

मला राग आला होता तो या पायऱ्यांचा. नेम चुकला तर पाच सेकंद, आणि मी नळी समोर धरून, कुणाकडे न वळवता दोन पावलं चाललो तर अख्खी स्टेज गेली? शिवाय माझ्या हिशेबाने पाचही गोळ्या झाडून झाल्या होत्या. सहा कप्प्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आम्ही पाचच भरतो. एक भरा, एक सोडा, चार भरा, म्हणजे घोडा रिकाम्या कप्प्यावर टेकतो. तेव्हा पाच झाडून सवयीने सहाव्यांदा घोडा ओढला गेला असेल, तर त्याखाली रिकामा कप्पा. धोका कसला?

हे मी बाईंना ऐकवलं. त्यांनी वाद घातला नाही. मला अनलोडिंग टेबलाकडे नेलं. तिथे बसलेल्या पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी एकेक कप्पा फिरवून माझ्याचकडून पुंगळ्या बाहेर काढवल्या. हिरव्या फडक्यावर पाच नग. चारांच्या बुडाला प्रायमरवर, म्हणजे ठिणगीच्या टोपीवर, घोड्याच्या टोकाने पडलेला खळगा. पाचव्याचा प्रायमर नव्या नाण्यासारखा गुळगुळीत. टायमरमध्येही आवाज चारच नोंदलेले.

म्हणजे मी चार झाडल्या, पाचवीसाठी घोडा ओढला, आणि डोक्यातल्या मोजणीत पाच पूर्ण करून चालू लागलो.

जेवणाच्या सुट्टीत पिकअपच्या मागच्या फळीवर बसून यावर रीतसर खल झाला. आमच्या पॉसीतला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटातला, एक जण माझ्या बाजूचा: नवा आहे, दहा सेकंद पुरे होते. दुसऱ्याचं म्हणणं, नव्यालाच पहिल्यांदा लागलं पाहिजे. मी मॅच डायरेक्टरकडे दाद मागितली. त्यांनी बाईंना विचारलं, पाट्यांवर नजर ठेवणाऱ्या स्पॉटरना विचारलं, निर्णय कायम. मग आजोबांनी नियमपुस्तक काढलं. हलणं म्हणजे काय, हे त्यात बास्केटबॉलच्या 'ट्रॅव्हलिंग'वरून समजावलंय: घोडा ओढला की एक पाय जमिनीला खिळलेला हवा. मी शाळेत बास्केटबॉल खेळलेला माणूस, पण मला हे कुणी या भाषेत सांगितलंच नव्हतं. बहुधा सांगितलं असणार, मी टोपीची किंमत विचारत असेन.

आजोबा म्हणाले, "या चापाला जोर लागत नाही. वाळूत पाय घसरला की माणूस काय करतो? मूठ आवळतो. त्या मुठीत काय आहे ते तू बघून आला आहेस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र पुढच्या महिन्यापर्यंत टिकला.

मग मी रेंज ऑफिसरचा, म्हणजे टायमर धरून नेमबाजावर लक्ष ठेवणाऱ्याचा, पहिला कोर्स केला. खरं सांगायचं तर नियमांत फट शोधायला. वर्गात सगळ्यात जास्त वाद झाला तो पडलेल्या बंदुकीवर. रिकामी पडली तर स्टेज डीक्यू, भरलेली पडली तर थेट मॅच डीक्यू, आणि ज्याच्या हातून पडली त्याने ती उचलायची नाही. हे शेवटचं ऐकायला सोपं आहे. हातातून स्टीलचा पेला निसटला की आपण आधी झेपावतो, मग कळतं. बंदूक निसटली तर बोटं चापावरच जायची. म्हणून ती रेंज ऑफिसर उचलतो, तपासतो, रिकामी करून हातात देतो.

दुसरी गोष्ट मला क्रिकेटमुळे पटकन कळली: संशयाचा फायदा नेमबाजाला. गोळी लागली की नाही हे तीन स्पॉटर बघतात, दोघांचं एकमत हवं. चुकली असं 'वाटतंय' म्हणजे लागली धरायची. चुकली हे 'माहीत आहे' तेव्हाच चुकली.

टायमर पहिल्यांदा माझ्या हातात आला त्या दिवशी हेच मी विसरलो. एक गृहस्थ दुनळी शॉटगन मधून उघडून पुंगळ्या झटकत होते. त्या नादात नळ्या उजवीकडे गेल्या. नळीला समोरच्या बाजूला १७० अंशांची मुभा असते, त्याबाहेर गेली की स्टेज डीक्यू. मी "थांबा!" म्हणून ओरडलो. त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच तिसऱ्या मॅचमधला चेहरा आठवला. उजवीकडच्या स्पॉटरबाई म्हणाल्या, त्यांच्या जागेवरून नळ्या आतच दिसत होत्या. मला काय दिसलं होतं? वेग दिसला होता. कोन माहीत नव्हता. मी दंड मागे घेतला आणि मीच थांबवलं असल्यामुळे त्यांना स्टेज पुन्हा खेळायला मिळाली. पॉसीतल्या दोघांनी मला बजावलं, टायमरवाल्याने असं डगमगायचं नसतं. मला ते पटलं नाही. माझ्या वेळी फडक्यावर काडतूस होतं, इथे काय होतं?

आता मी गोळ्या मोठ्याने मोजतो, मराठीत. 'चार'नंतर 'पाच' तोंडातून बाहेर पडल्याशिवाय पाय उचलत नाही. बाईंना आधी वाटलं होतं मी शिव्या देतोय.

एका नियमावर मात्र आमचं अजून जमत नाही. रायफल खाली ठेवताना आत एखादी रिकामी पुंगळी राहिली, तर किरकोळ सुरक्षाचूक, १० सेकंद. झडून गेलेल्या पितळेच्या नळकांडीने कुणाचं काय बिघडणार? आजोबा म्हणतात, टेबलावरच्या रायफलीत रिकामी पुंगळी आहे की जिवंत काडतूस, हे लांबून सांगून दाखव. मी म्हणतो, मग पाचच सेकंद ठेवा. क्लबांचे प्रतिनिधी नियमबदलावर मत देतात, पण आमच्या प्रतिनिधीने माझं म्हणणं हसण्यावारी नेलं.

गेल्या महिन्यात माझ्याच रायफलीत एक राहिली. पुढचं हत्यार झाडायच्या आत परत जाऊन काढली तर दंड लागत नाही. बाई मागून "रायफल! रायफल!" म्हणत होत्या. मी मोजण्यात गुंग. परत गेलो असतो तर चारेक सेकंद लागले असते.