अल्तुन हा : जेडचं मुख आणि उदाचा वास

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात, बेलीझ सिटीच्या किनाऱ्याला क्रूझचं मोठं जहाज लागतच नाही. समुद्र उथळ, त्यात प्रवाळाची रांग. जहाज लांबवर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून आपण धक्क्यावर येतो. तिथून बसने तासाभराहून थोडं जास्त. बरोबर सत्तरीची आई, गुडघ्याला पट्टा बांधलेली.

‘अल्तुन हा’ हे माया लोकांचं प्राचीन शहर. शेजारच्या रॉकस्टोन पाँड गावाच्या नावाचाच हा माया अवतार. ‘हा’ म्हणजे पाणी. दाट झाडीतून एकदम मोकळा चौक लागतो आणि चहूबाजूंनी पायऱ्यापायऱ्यांची देवळं उभी राहतात. सगळ्यात उंच देऊळ सुमारे १६ मीटरचं.

“तू जा वर. मी सावलीत बसते,” आई म्हणाली.

पायऱ्या चांगल्याच उंच आहेत. वर पोचेपर्यंत धाप लागली. तिथे माथ्यावर गोल वेदी होती. जेड या हिरव्या, कठीण दगडाचे कोरीव दागिने फोडून, कोपल नावाच्या राळेबरोबर इथे अग्नीला अर्पण करत. इतकं मौल्यवान दिलं, तेही फोडून! मी बराच वेळ तिथेच थांबले.

याच देवळातल्या एका कबरीत १९६८ साली पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पेंडरगास्ट यांना जेडचं एक मुख सापडलं. सूर्यदेव किनिच अहाऊचं, असं म्हणतात. उंची जेमतेम १५ सेंटीमीटर, वजन ४.४२ किलो. माया कारागिरांकडे लोखंडी छिन्नी नव्हती. दोरी, वाळू आणि पाणी घेऊन घासत राहायचं, दगड झिजेपर्यंत. एका डोळ्याची कड उतरायला किती दिवस गेले असतील! बेलीझच्या नोटांवर आजही कोपऱ्यात हे मुख असतं. गाईडने खिशातून नोट काढून दाखवली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघण्यासारखा होता. माया लोक इथे आजही राहतात, हेही त्याने आवर्जून सांगितलं.

खाली आले तर आईच्या तळहातावर पिवळसर खडा. गाईडने तिला कोपल हुंगायला दिला होता.

“अगं, हा तर उदासारखाच वास,” ती म्हणाली. “देवघरात संध्याकाळी येतो ना, तसा.”

तिने तो परत करायला हात पुढे केला. गाईडने तिची बोटं हलकेच मिटली. बस बोटीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत तिची मूठ तशीच होती.