वाशिष्ठी ते शास्त्री : परदेशातून आलेल्या दोघांचे गुहागरातील चार दिवस

मी आणि माझे पती गेली अकरा वर्षे जर्मनीतील स्टुटगार्ट येथे राहतो. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. पण समुद्र मात्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारून येते. तेथील आयुष्य व्यवस्थित आणि आगाऊ आखलेले असते. जिना झाडण्याची पाळी आली की आपल्या दारावर पाटी लटकते, रविवारी दुकाने बंद असतात आणि सुट्ट्यांचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच मांडला जातो. आठवड्यात पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाकाठी किमान २० दिवसांची भरपगारी रजा मिळते; आम्हा दोघांना करारानुसार ३० दिवस मिळतात. सण गुरुवारी आला, तर मधल्या शुक्रवारची एक रजा टाकून सलग चार दिवस जोडण्याची तेथे रीत आहे आणि त्या दिवसाला ‘पुलाचा दिवस’ असे नावच आहे. अशा चार दिवसांत आम्ही बोडनझे सरोवराच्या काठी किंवा ब्लॅक फॉरेस्टमध्ये अनेकदा जाऊन आलो. भारतात आल्यावर मात्र असे चार दिवस आम्हाला अकरा वर्षांत एकदाही काढता आले नव्हते.

याचे कारण परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी जोडप्याला ठाऊक आहे. तीन आठवड्यांची रजा घेऊन आपण येतो, त्यातला एक आठवडा माहेरी आणि एक सासरी जातो, उरलेल्या दिवसांत आत्या, मावश्या, दवाखाना, बँक आणि एखादे लग्न. हे सारे हवेसेच असते. आईच्या हातचे खाण्यासाठीच तर आपण येतो. पण परतीच्या विमानात बसताना जाणवते, की या एकवीस दिवसांत आपण दोघे शांतपणे एकमेकांशी बोललोच नाही. म्हणून या वेळी विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच आम्ही दोन्ही घरी फोन करून सांगितले, की सोमवार ते गुरुवार हे चार दिवस आम्ही गुहागरला असू. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, ‘‘जा गं, आम्हीही कधी गेलो नाही असे.’’ त्यांच्या त्या शब्दांनी मनावरचे मोठे ओझे उतरले. येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच, की हे आधी सांगावे, स्पष्ट सांगावे आणि तारखांसह सांगावे. भारतात पोहोचल्यावर असे दिवस मागून मिळत नाहीत, आणि मिळाले तरी कोणाचे तरी मन दुखावून मिळतात.

दिवस कोणते निवडावे, याचाही थोडा विचार करावा लागतो. हिवाळ्यात जर्मनी आणि भारत यांच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस झोपेचे गणित बिघडलेले असते. त्या दिवसांत घाटाचा प्रवास करू नये. अगदी शेवटचे दिवसही टाळावेत, कारण महामार्गावर खोळंबा झाला तर विमान चुकण्याची धास्ती लागून राहते. आम्ही मुक्कामाचा मधला आठवडा निवडला, आणि त्यातही शनिवार-रविवार वगळला, कारण शुक्रवारी संध्याकाळपासून पुण्या-मुंबईची मंडळी किनाऱ्यावर येतात. फेब्रुवारीचा शेवट होता, फाल्गुन लागला होता. पुढच्या आठवड्यात शिमगा. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी परततात, पालख्या घरोघर येतात, आणि त्या काळात गाडीत जागा मिळत नाही की गावात खोली. शिमगाच पाहायचा असेल, तर सगळी सोय काही महिने आधी करून ठेवावी.

गुहागर निवडण्यामागे भूगोल होता. नकाशावर कोकणातील गावे एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात, पण मध्ये खाड्या असतात आणि एक खाडी ओलांडायला कधी कधी अर्धा दिवस जातो. गुहागर तालुका उत्तरेला वाशिष्ठीच्या आणि दक्षिणेला शास्त्रीच्या खाडीने बांधलेला आहे. चार दिवस असतील तर असा दोन खाड्यांमधला एकच तुकडा घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. अलिबागपासून मालवणपर्यंतचा किनारा चार दिवसांत ‘करून’ येणारी मंडळी आम्हाला वाटेत भेटली. त्यांच्या बोलण्यात रस्त्याचेच वर्णन अधिक होते.

पुण्याहून आम्ही सातारा रस्त्याने उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोहोचलो. तेथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर आहे. थांबत थांबत आठ तास लागले. गाडी आम्ही चालकासह घेतली होती. अकरा वर्षे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय झालेल्या माणसाने एकदम घाटात डाव्या बाजूने चालवू नये, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि ते योग्यच ठरले. मात्र चालकाच्या राहण्या-जेवणाची सोय खोली ठरवतानाच विचारून घ्यावी. आम्ही ते विसरलो होतो. दिवसभर आपल्यासाठी घाट उतरलेल्या माणसाला रात्री गाडीत झोपावे लागणार, या विचाराने आम्हाला फार अपराधी वाटले. सुदैवाने घरमालकांनी पडवीत खाट टाकून दिली.

मुंबईला उतरणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेने चिपळूण गाठणे सर्वांत सोयीचे आहे. मांडवी एक्स्प्रेस आणि जनशताब्दी तेथे थांबतात, वंदे भारत मात्र चिपळूणला न थांबता खेडला थांबते. स्थानकावरून चिपळूणच्या एसटी स्टँडवर आले, की गुहागरची गाडी मिळते. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, हे परदेशातून बेत आखताना लक्षात ठेवावे. तत्काळच्या भरवशावर राहू नये, कारण जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खात्याला आधार जोडलेले असावे लागते, आणि आपल्यापैकी अनेकांचे ते राहून गेलेले असते. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते, तेही पाहून घ्यावे.

पैशांबाबत आम्हाला खरी अडचण आली. भारतातील खेड्यापाड्यांत आता मोबाइलवरून पैसे देण्याची इतकी सवय झाली आहे, की आमचे परदेशी कार्ड पाहून दुकानदार गोंधळून जात. अनिवासी खात्याला परदेशी क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची सोय २०२३ मध्ये ज्या दहा देशांसाठी प्रथम जाहीर झाली, त्यांत सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, ओमान, संयुक्त अरब अमिरात वगैरे होते, जर्मनी नव्हते. म्हणून आम्ही भारतातील क्रमांक सांभाळून ठेवला होता. परंतु दीर्घ काळ न वापरल्यामुळे बँकेने खात्यावरची ती सेवा थांबवली होती, हे आम्हाला गुहागरात पहिल्या संध्याकाळी कळले. घरमालकीण काकू म्हणाल्या, ‘‘जाताना द्या हो, पळून कुठे जाताय!’’ हा विश्वास मोठाच, पण आपण तो गृहीत धरू नये. पुण्यात किंवा चिपळुणात पुरेशी रोख रक्कम काढून घ्यावी, आणि भारतात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी एक रुपया पाठवून सेवा चालते की नाही ते पाहावे.

आमची खोली गावाच्या ‘खालचा पाट’ या भागात होती. गुहागर हे एका लांब रस्त्याचे गाव आहे. रस्त्याच्या पश्चिमेकडील घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या मागे सुरूचे बन आणि मग पुळण. घराच्या ओटीवरून मागच्या दाराने निघाले, की पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकत तीन-चार मिनिटांत समुद्र. अशा घरगुती मुक्कामाची एक शिस्त आहे आणि ती पाळली तर फार सुख लागते. जेवण सांगावे लागते. सकाळच्या चहाच्या वेळी दुपारची पाने सांगावी, दुपारी रात्रीची. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. अनेक घरी शाकाहारीच जेवण असते, तेथे मासळीचा आग्रह धरू नये. सुरमई किंवा बांगडा खायचा असेल तर गावात वेगळ्या खाणावळी आहेत. मला विचाराल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्याने ओल्या काजूगरांची उसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नये. ते काजूगर कोवळ्या बियांतून काढताना चिकाने बोटे भाजतात. काकू हाताला तेल लावून एकेक बी सोलत होत्या; तासाभराच्या त्या कामातून दोन वाट्या उसळ झाली. घावन, कुळथाचे पिठले, सोलकढी हे सारे सुरेखच होते, पण त्या उसळीची चव अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीही केले नाही. सकाळी व्याडेश्वराचे दर्शन घेतले, आणि दिवसभर वाडीत पोफळींच्या सावलीला बसून बोललो. आई-वडिलांचे वय, आपण परत यायचे की नाही, यायचे तर कधी, हे विषय स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात आम्ही दर वेळी अर्ध्यावर सोडत असू. येथे ते पूर्ण बोललो. सगळ्यांची उत्तरे मिळाली असे नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे कासवे पाहिली. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जातात. वन विभाग आणि गावातील कासवमित्र ती अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात हलवतात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले बाहेर येतात आणि ती पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास सोडली जातात. आदल्या दिवशी पिले निघाली नव्हती आणि आम्ही रिकाम्या हाती परतलो होतो, म्हणून किमान दोन पहाटा हाताशी ठेवाव्यात. मोबाइलचा उजेड पाडू नये, पिलांना हात लावू नये, दोरीच्या पलीकडे जाऊ नये. पायाखाली पिलू येऊ नये म्हणून जागचे हलू नये. त्या दिवशी २३ पिले होती. तळहाताहून लहान, काळपट, ओल्या वाळूवर वल्ह्यांसारखे पाय मारत ती निघाली. लाट त्यांना मागे फेकी आणि ती पुन्हा तोंड समुद्राकडे वळवीत. तेथील कासवमित्राने सांगितले, की २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण बसवलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये येथे गुहागरला अंडी घालताना सापडली, आणि २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. माझे पती बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटचे पिलू दिसेनासे होईपर्यंत आम्ही उभे होतो.

त्याच दिवशी हेदवीचा दशभुज गणेश आणि वेळणेश्वर पाहिले. हेदवीला किनाऱ्यावरील कातळात बामणघळ नावाची अरुंद घळ आहे. भरतीचे पाणी तिच्यात जोराने शिरून उंच उसळते. आम्ही अकराच्या सुमारास गेलो तेव्हा पाणी शांत होते. तेथे बसलेल्या एका आजोबांनी तिथी विचारली आणि हिशेब समजावून सांगितला, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. त्या दिवशी नवमी होती, म्हणजे पूर्ण भरती पावणेसातच्या सुमारास होऊन गेली होती. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही. घळ पाहायची तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, उधाणाच्या दिवसांत, अकरा-बाराच्या सुमारास जावे, आणि कातळाच्या कडेपासून बरेच दूर उभे राहावे. समुद्रात उतरण्यापूर्वीही हाच हिशेब करावा. ओहोटीच्या वेळी पोहायला जाऊ नये.

परतताना आलेल्या वाटेने गेलो नाही. धोपावे येथून गाडीसह फेरीबोटीत चढलो आणि पाऊण तासाच्या प्रतीक्षेनंतर पंधरा मिनिटांत वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरलो. रस्त्याने हेच अंतर चिपळूण-खेडचा मोठा वळसा घालून कापावे लागते. दाभोळ आज शांत गाव आहे, पण बहामनी काळात ते पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितिन काही वर्षे हिंदुस्थानात राहून मायदेशी निघाला, तो येथूनच जहाजात बसला. पुढे दापोली, महाड, माणगाव आणि ताम्हिणी घाट या मार्गाने रात्री आठला पुणे गाठले. दिवसभराचा हा प्रवास दमवणारा आहे. जमल्यास दापोलीत एक मुक्काम वाढवावा.

निघताना काकूंनी वाडीतला असोला नारळ, कोकमाच्या आगळाची बाटली आणि घरच्या खव्याचे पेढे दिले. युरोपात परतणाऱ्यांनी येथे सावध राहावे. दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेता येत नाहीत, आणि आंब्यासह बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. पेढे आम्ही सासूबाईंना दिले. आगळाची बाटली पिशवीत गुंडाळून सामानातल्या बॅगेत ठेवली. नारळ मात्र त्या प्रमाणपत्रातून वगळलेल्या मोजक्या फळांपैकी आहे, म्हणून पुण्यात तो सोलून घेतला आणि बरोबर नेला. पुढच्या संकष्टीला स्टुटगार्टला तो वाढवला. पाणी अजून गोड होते.